मुक्यांच्या वर्गातली बोंब

तुम्ही आयुष्यात काय साठवलंत, असं मला कोणी विचारलं तर मी सांगते, किस्से. दागिने मुलींकडे गेले, तांब्यापितळेची भांडी सुनांनी वाटून घेतली. किस्से तेवढे सगळ्यांना वाटूनही माझ्याकडेच राहिले. त्यातले निम्मे तरी मुक्यांच्या वर्गातले आहेत.

आता या मुलांसाठी चांगले शब्द निघालेत, आणि ते निघाले हे फार बरं झालं. पण एकोणीसशे साठच्या आगेमागे महाडात आमच्या वर्गाला सगळे ‘मुक्यांचा वर्ग’च म्हणत. खरं सांगायचं तर सगळ्या गावात त्या वर्गाइतकी गोंगाटाची जागा दुसरी नव्हती. ज्याला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही, त्याला तो कमी कर म्हणून कोण सांगणार?

वर्ग चालवायच्या गोडबोलेबाई. पुण्याच्या. मुंबईला राहून बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायचं शिक्षण घेतलेल्या, आणि नवऱ्याची बदली महाडला झाली म्हणून इकडे आलेल्या. मुलं मुकी आणि बाई गोडबोले, हा विनोद महाडातल्या प्रत्येकाला आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटे. बाईही प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसून दाखवत.

* * *

मी त्या वर्गात गेले ती माझ्या पेटीमुळे.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि सकाळ-संध्याकाळ पेटी वाजवून आळीतल्या लोकांना छळत होते. ज्या शाळेच्या मागच्या खोलीत हा वर्ग भरे, तिथले हेडमास्तर बापटमास्तर. त्यांनी वडिलांना विचारलं, कुमुदला पेटी येते ना, मग पाठवा उद्यापासून, बाईंना मदतीला कोणीतरी हवंय. मला वाटलं, प्रार्थना बसवायची असेल. पेटी हमालाच्या डोक्यावर देऊन मी ऐटीत गेले, बसले आणि भूप वाजवायला सुरुवात केली. एकाही पोरानं मान वळवली नाही.

मी बाईंना हळूच विचारलं, “यांना काहीच ऐकू येत नाही का हो?” बाई म्हणाल्या, नाही. मग पेटी कशाला, असं मी विचारणार, तोवर त्यांनी तुडील गावच्या रघू नावाच्या पोराचा हात धरून पेटीच्या लाकडावर ठेवला आणि मला खर्जातला सा धरून ठेवायला सांगितला. रघूचे डोळे हे एवढे झाले. त्यानं दुसराही हात ठेवला, मग गाल टेकला, आणि शेवटी पेटीला मिठी मारून पडून राहिला. आवाज म्हणजे अंगात काहीतरी थरथरतं, हे त्या पोराला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मला रडू आवरेना.

घरी येऊन मी हे सगळं वडिलांना सांगितलं. ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, “छान झालं. तुझ्या वाजवण्याला हवे तसे श्रोते मिळाले.”

* * *

बाईंची पहिली शिकवणी ‘प’ची. मुलासमोर मेणबत्ती पेटवायची, ओठ मिटायचे आणि झटकन उघडायचे. ‘प’ नीट आला की ज्योत हलते. मुलाला ऐकू येत नसलं तरी ज्योत हललेली दिसते ना!

रघूला हे इतकं आवडलं की त्यानं बाईंच्या मेणबत्त्यांचा फडशा पाडला. तो नुसता ज्योत हलवून थांबत नसे, विझवूनच टाकी. गणपतीला तो तुडीलला घरी गेला. घरात आरतीला सगळे जमलेले, निरांजन फिरतंय, आणि आपण शाळेत काय शिकलो हे दाखवायची याहून चांगली वेळ रघूला कुठली मिळणार? तो पुढे झाला, ओठ मिटले आणि म्हणाला, ‘प!’ निरांजन गेलं. आईनं पुन्हा लावलं. त्यानं पुन्हा ‘प’ म्हणून विझवलं. वडील हात उगारून धावले, पण आजी मध्ये पडली. आजीला काय झालं ते बरोबर कळलं होतं. पोरगा काहीतरी बोलला होता.

सुट्टीनंतर त्याला सोडायला आजी स्वतः होडीतून महाडला आली. सांगत होती, आल्या-गेल्या पाहुण्याला ती अभिमानानं म्हणायची, “आमचा रघू आता ‘प’ बोलतो.” आणि लगेच पुढे म्हणायची, “पन दिवा जरा लांब ठेवा.”

त्यानंतर बाईंनी मेणबत्ती बंद केली आणि कागदाची पट्टी सुरू केली.

* * *

आता पापडाचं सांगते. हे मी सांगायला लागले की घरातले उठून जातात, इतक्यांदा सांगून झालंय.

बहिऱ्या मुलांना समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायला शिकवतात. यात एक मोठी गोची असते. प, ब आणि म ही अक्षरं ओठांवर अगदी सारखीच दिसतात. ट आणि ड यांचंही तेच. विश्वास बसत नसेल तर आरशासमोर उभं राहून आवाज न करता म्हणून बघा.

एके दिवशी बाईंनी खाण्याच्या वस्तूंचा धडा घेतला. बाहेरच्या पडवीत पेरू, बटाटा, पापड, पाव असं मांडून ठेवलं होतं. बाई नुसते ओठ हलवून सांगणार आणि मुलानं ती वस्तू घेऊन यायची. बाईंनी रघूला सांगितलं, पापड आण. रघूनं दोनदा नीट बघून घेतलं, मान हलवली आणि बाहेर पळाला. बराच वेळ झाला तरी परत येईना. मी बघायला उठणार, इतक्यात दारातून बापटमास्तर आत आले. आत आले म्हणजे काय, ओढले गेले! रघूनं त्यांचा कोट धरला होता. सातवीच्या वर्गात ते व्याजाचं गणित शिकवत होते, तिथून त्यानं त्यांना उचलून आणलं होतं. मास्तरांच्या हातात खडू तसाच होता.

“काय झालं बाई? याच्या पोटात दुखतंय का?” मास्तरांनी विचारलं.

बाईंनी स्वतःशीच दोनदा ओठ हलवून पाहिले आणि अगदी शास्त्रीय आवाजात म्हणाल्या, “मास्तर, त्याची चूक नाही. ओठांवर तुम्ही आणि पापड एकच आहात.”

बापटमास्तर बिचारे सज्जन. रागावले नाहीत. जाताना पडवीतला एक पापड उचलून खिशात टाकला आणि म्हणाले, मग हा माझाच. दुपारपर्यंत ही बातमी सातवीच्या वर्गातून साऱ्या शाळेत गेली, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांना मागून सगळे पापडमास्तर म्हणत राहिले.

* * *

बाईंचा एक कडक नियम होता. वर्गात हातवारे बंद. हातांनी बोलायची सवय लागली की मुलं तोंडानं बोलायचे कष्ट घेत नाहीत, असं त्यांना मुंबईला शिकवलं होतं. बाई समोर असल्या की मुलं हाताची घडी घालून बसत. बाईंची पाठ वळली की बाकाखाली मासळीबाजार भरे. मी ते बघून न बघितल्यासारखं करी, कारण मलाही त्यातलं थोडं कळायला लागलं होतं आणि गप्पा फार मजेदार चालत.

त्यांच्या बोलण्यात प्रत्येकाला हातानं ठेवलेलं एकेक नाव होतं. बापटमास्तरांचं नाव म्हणजे टोपी पुढे ओढणं. पापड प्रकरणानंतर ते बदललं आणि हातावर हात ठेवून मोडल्याची खूण झाली. बाईंचं नाव म्हणजे नाकावरचा चष्मा वर सारणं. माझं नाव काय असेल याची मला फार उत्सुकता होती. वाटायचं, पेटीवर बोटं फिरवल्याची खूण असणार.

एकदा मी रघूला खोदून खोदून विचारलं. तो लाजला, इकडेतिकडे बघितलं, मग पदराच्या गाठीतून काहीतरी काढून तोंडात टाकायचं आणि गुपचूप चावायचं, असं करून दाखवलं. मी दिवसभर पदराच्या गाठीत चिंचा ठेवून खायची. माझी समजूत होती, कोणाच्या लक्षात येत नाही म्हणून.

* * *

इंदू आली ती पावसाळ्याच्या सुरुवातीला. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी डोंगराच्या कुशीत तिची वाडी. सात-आठ वर्षांची असेल. बाप मुंबईला गिरणीत, घरी आई आणि आजा. एकुलती एक. तिला घेऊन आजाच आला होता. धोंडूआजा. तो दिवसभर वर्गाच्या दारात बसून सगळं बघत राहिला. संध्याकाळी बाईंना एकच प्रश्न विचारला.

“मास्तरीनबाई, ही हाक मारल काय?”

बाई म्हणाल्या, बोलायलाही लागेल, लिहायला-वाचायलाही शिकेल. म्हातारा म्हणाला, ते ऱ्हाऊ दे, हाक मारल काय ते सांगा.

मला ते कळलं, कारण मी त्या वाड्यांवर गेले होते. तिथे एका उतारावर घर तर दुसऱ्या उतारावर शेत, मधे ओढा. इकडून कोणी हाक मारायची आणि तिकडून कोणी ओ द्यायची, यावर सगळा कारभार. ज्या पोराला हाक मारता येत नाही त्याला पाण्याला पाठवता येत नाही, गुरांमागे पाठवता येत नाही. पाय घसरून पडलं तर कळणार कसं? इंदू लहान असताना तिची आई रानात जाताना आपल्या पदराचं टोक तिच्या कमरेला बांधून न्यायची. आता पोर मोठी झाली, आणि अजूनही आईच्या चार पावलांपलीकडे तिला कोणी जाऊ देत नव्हतं. “आमी हाव तवर ठीक हाय,” म्हातारा म्हणाला.

इंदू माझ्याच घरी राहिली. बाईंनी ठरवलं, पहिला शब्द ‘आई’. दुसरा कुठला असणार? पण हा शब्द भारी अवघड. ओठ कुठे मिटतच नाहीत, बघणाऱ्याला ओठांवर काही सापडत नाही. इंदूचा एक हात बाईंच्या गळ्यावर, एक स्वतःच्या गळ्यावर, पुढ्यात माझी पेटी, असा सारा पावसाळा गेला. दिवाळीच्या तोंडावर तिच्या गळ्यातून बाहेर आलं, “आ… ई.” जरा घोगरं होतं, पण आईच होतं ते! बाईंनी त्या दिवशी वर्गात पेढे वाटले.

धोंडूआजा येऊन तिला दिवाळीला घेऊन गेला. सुट्टी संपली, शाळा भरली, रघू तुडीलहून आला, इंदू काही आली नाही.

* * *

रघूची त्या दिवाळीतली तक्रार वेगळीच होती. तो एव्हाना छोटी वाक्यं बोलायला लागला होता. बाईंचं बघून शिकलेला, त्यामुळे ‘पाणी नको आहे’, ‘मला येत नाही’, असं सगळं स्वच्छ पुणेरी. तुडीलला घरचे ‘हाय’ आणि ‘नाय’ म्हणत, ते त्याला ओठांवर ओळखूच येईना. घरच्यांनी विचारलं, भात हाय का संपला, तर हा गोंधळून बघत बसायचा. आजीनं त्याला सोडायला येताना बाईंना हात जोडून सांगितलं, “पोराला बोलता केलात, देव तुमचं भलं करो. पन आता घरात त्याच्याशी बोलायचं तर आमालाच शाळंत घालाय लागल.”

बाई हसल्या. पण इंदू का आली नाही याचा विचार त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

* * *

शेवटी बाई आणि मी एसटीनं पोलादपूरला गेलो आणि तिथून चालत इंदूची वाडी गाठली. बाईंना असल्या चढाची सवय नव्हती. दर वळणाला थांबून त्या मला विचारत, अजून किती, आणि मी सांगे, आलंच.

म्हातारा अंगणात होता. इंदू आम्हाला बघून धावत आली आणि बाईंच्या पदरात तोंड खुपसून उभी राहिली. मग धोंडूआजानं काय झालं ते सांगितलं.

इंदू घरी पोचली, आई चुलीपुढे होती. पोरगी उंबऱ्यात उभी राहिली, गळ्याला हात लावला आणि म्हणाली, “आ… ई.” आईनं हातातलं टाकलं, धावत आली, पोरीला खाली बसवलं आणि तिचे तळपाय बघायला लागली. तिला वाटलं, काटा मोडला! पोरगी पुन्हा म्हणाली, “आ… ई.” मग आईनं पोट दाबून बघितलं, कपाळ बघितलं. शेजारच्या बाया जमल्या, कोणी ओवा आणला, कोणी दृष्ट काढली. वाडीतली पोरं तिच्या आवाजाची नक्कल करून हसायला लागली. इंदू सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि हसलेलं ओळखायला काही कान लागत नाहीत.

“म्हंजे ती बोलली नाय,” म्हातारा म्हणाला, “ती कण्हली.”

बाईंनी विचारलं, “अहो, पण ती आईला आई म्हणाली. तुम्ही आईला काय म्हणता घरात?”

“बय,” म्हातारा म्हणाला.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या पुण्याच्या, मी महाडच्या पेठेतली. आम्हा दोघींच्या घरी आईला आईच म्हणत, त्यामुळे विचारायचं सुचलंच नाही कोणाला. सारा पावसाळा आम्ही जो शब्द घोकून घेतला, तो त्या घरात फक्त कळ आली की तोंडून निघे, कोणी कोणाला हाक मारायला वापरतच नव्हतं. आणि ‘बय’ म्हणजे ब! ओठ मिटायचे आणि उघडायचे, आंधळ्यालाही दिसेल इतकं सोपं अक्षर.

इंदूची आई आम्हाला ताक घेऊन बाहेर आली. भांडी परत घेताना मला एवढंच म्हणाली, “मला वाटलं, काटा लागला.”

इंदूला परत पाठवायला म्हातारा सहजासहजी तयार होईना. तो काही वाईट नव्हता, त्याला भीती होती. महाडच्या बाजारात पोरगी हरवली तर ती कोणाला हाक मारणार, असं त्याचं म्हणणं. शेवटी म्हणाला, “शिमग्यापर्यंत न्या. शिमग्याला येऊन तिनं बयला हाक मारली तर पुढं शिकवा. नायतर माजी नात माज्या दारात बरी.”

* * *

सोप्या अक्षराला दोन आठवडे पुरतील, असं बाई एसटीत म्हणाल्या होत्या. ओठांपुरतं ते खरंच झालं. इंदू ओठांनी इतकं स्वच्छ ‘बय’ म्हणे की बघत राहावं. फक्त आवाज नसे. घरी पोरं हसली होती ना, तेव्हापासून तिनं आवाज आत ठेवून दिला होता. पेटीवर हात ठेवला की हात काढून घ्यायची. गळ्याला हात लावू द्यायची नाही. बाई रागावून बघत, लाडावून बघत, मी चिंचा देऊन बघे. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. पौष गेला, माघ गेला. मी मनातल्या मनात इंदूचे कपडे आवरायला लागले होते.

मग फाल्गुनातली फाकपंचमी आली. आमच्याकडे त्या दिवसापासून आळीआळीत पोरं छोट्या होळ्या पेटवतात आणि उलटा हात तोंडावर आपटून बोंबा मारतात. ज्याच्यावर राग असेल त्याच्या नावानं मारतात आणि कोणी रागवायचं नसतं. संध्याकाळी आमच्या दारातच होळी पेटली. रघूचा मामा आमच्याच आळीत, रघू त्याच्याकडेच राही. तो बोंब मारण्यात सगळ्यात पुढे. इंदू पायरीवर बसून बघत होती. सगळ्या तोंडांवर हात, सगळ्यांचे डोळे विस्फारलेले, आणि कोणी कोणाला हसत नव्हतं.

ती उठली. घोळक्यात शिरली. उलटा हात तोंडावर धरला, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, “बोबोबोबो!”

मी तशीच धावत बाईंकडे गेले आणि त्यांना हाताला धरून आणलं. बाईंना शिमग्याचं वावडं. धूर आणि ते शिवराळ शब्द म्हणून नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. मग त्यांना इंदू दिसली. पदर सोडून त्या सरळ घोळक्यात गेल्या आणि इंदूच्या गळ्यावर हात ठेवला. गळा थरथरत होता. इंदूनंही बाईंच्या गळ्यावर हात ठेवला, की आता तुमची पाळी. बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पुण्याच्या गोडबोलेबाईंनी भर आळीत उलट्या हातानं बोंब मारली. माझे वडील ओटीवरून बघत होते. म्हणाले, आता खऱ्या महाडकर झाल्या.

* * *

दुसऱ्या दिवसापासून आमच्या वर्गात प्रार्थना झाली की बोंब. बाईंनी तिचं शास्त्र करून टाकलं. आधी हात लावून बोंब, मग हात हळूहळू लांब न्यायचा, की मागे नुसता ब उरतो. सगळा वर्ग एकदम मारायचा, म्हणजे कोणी एकटं पडायला नको.

आणि त्याच आठवड्यात बापटमास्तरांच्या शाळेची तपासणी निघाली. अलिबागहून दिपोटीसाहेब आले. कोट, फेटा, चेहऱ्यावर कधी न हसल्याचा भाव. मास्तर त्यांना घेऊन शाळेत शिरतात तोच मागच्या खोलीतून बोंब उठली. साहेब थांबले. शिमग्याचे दिवस, तपासणीला आलेला माणूस, आणि शाळेतून खणखणीत बोंब. त्यांनी शांतपणे विचारलं, “मास्तर, हे कोणाच्या नावानं चाललंय?”

मास्तरांना घाम फुटला. म्हणाले, “साहेब, ती मुकी मुलं आहेत.”

साहेबांनी पुन्हा एकदा कान देऊन ऐकलं. “मुकी?” म्हणाले, आणि थेट आमच्या वर्गात आले. मी भिंतीला चिकटले. बाई मात्र अशा वेळी कोणाला ऐकायच्या नाहीत. त्यांनी साहेबांना सगळं समजावून सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शंका दिसली तशी म्हणाल्या, तुम्ही स्वतःच करून बघा ना, हातावर कसं कळतं ते! आता बाईमाणूस एवढ्या आदरानं सांगतंय म्हटल्यावर साहेब करतात काय? त्यांनी उलटा हात तोंडाशी नेला आणि हळूच बारीकशी बोंब मारली. रघूला ती पसंत पडली नाही. त्यानं साहेबांचा हात धरून नीट तोंडावर बसवला आणि मोठ्यानं मारायची खूण केली. साहेबांनी मोठ्यानं मारली. खिडक्यांतून सातवीचा सगळा वर्ग बघत होता.

जाताना साहेब बाईंना म्हणाले, “तुमच्या वर्गाच्या नावानं आता कोणाला बोंब मारता येणार नाही. ते काम मुलांनीच करून ठेवलंय.” आणि बापटमास्तर शपथेवर सांगत, की त्या वेळी साहेब हसले.

* * *

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही इंदूला घेऊन निघालो. वर्गात इंदू सगळ्यांबरोबर बोंब मारी, हात काढल्यावर कधी ‘ब’ उरे, कधी काहीच नाही. ‘बय’ असं पुरतं तिनं आवाजात दोनदाच म्हटलं होतं, तेही माझ्या घरी, मांजराला.

वाडीच्या कडेला धोंडूआजा आमची वाट बघत उभा होता. समोर खाली कोरडा ओढा, आणि पलीकडच्या उतारावर वाडीतल्या बाया राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, वाळका पालापाचोळा गोळा करत होत्या. सगळ्या वाकलेल्या, डोक्यावर पदर, इतक्या लांबून कोण कुठली ते ओळखू येत नव्हतं. म्हातारा म्हणाला, चला घरात, सुनेला हाक मारतो, आणि त्यानं तोंडाशी हात नेले. बाईंनी त्याचा हात धरला.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “ती मारेल.”

बाई इंदूसमोर खाली बसल्या, पलीकडे बोट दाखवलं आणि ओठ हलवले. इंदूनं पलीकडे पाहिलं. ओठ मिटले, उघडले. आवाज नाही. पुन्हा ओठ मिटले, उघडले. काही नाही. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं आणि घाटाकडे बघत राहिला.

मग इंदूनं उलटा हात तोंडावर ठेवला. बोंब मारली. लांबलचक, शिमग्याची. आणि ती चालू असतानाच हात काढला आणि सगळं अंग पुढे टाकून ओरडली,

“बय!”

पलीकडच्या साऱ्या बाया एकदम ताठ झाल्या आणि वळून बघायला लागल्या. प्रत्येकीची कोणी ना कोणी पोरं होती. एकच बाई तेवढी वळली नाही. ती खाली वाकून पाला गोळा करत राहिली. तिला आजवर कोणी ती हाक मारलीच नव्हती.

शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं. काय बोलणं झालं ते त्या शेजारणीनंच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, “अगो, तुझी पोरगी हाक मारते.”

इंदूची आई म्हणाली, “मला?”

मग तिच्या हातातला पाला खाली पडला आणि तिनं ओ दिली. ओढा उतरून, चढ चढून आमच्यापर्यंत येईपर्यंत ती ओ देतच होती.